मराठी प्रश्नमंजुषा, कराड : जानेवारी ते मार्च २०२६ च्या नोंदी

४ जानेवारी, रविवार

ठरलं एकदाचं. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, वाचनालयात खुली प्रश्नमंजुषा घ्यायची. त्या दिवशीचं काव्यवाचन आणि व्याख्यान दरवर्षीप्रमाणे होईलच. पण ग्रंथपाल बाई म्हणाल्या ते पटलं. व्याख्यानाला येणारी मंडळी आधीच वाचणारी असतात. अभ्यासिकेत सकाळपासून रात्रीपर्यंत बसणारी एमपीएससीची मुलं आणि शाळकरी पोरं मात्र सभागृहाकडे फिरकत नाहीत. त्यांना आत आणायचं तर त्यांच्या हाताला काम द्यायला हवं.

कामं वाटून घेतली. प्रश्न काढणं आणि सूत्रसंचालन माझ्याकडे. भूगोलाचे निवृत्त सर प्रत्येक प्रश्न तपासणार, संदर्भ काढून देण्याचं काम बाईंचं. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला माझा पुतण्या कॉलेजच्या क्विझ क्लबात मुरलेला आहे. स्लाइड, आवाज आणि गुणफलक तो बघेल.

दोघांचा संघ, वयाची अट नाही, प्रवेश फी नाही. रविवार, २२ फेब्रुवारीला सकाळी लेखी फेरी : २५ प्रश्न, ३० मिनिटं. वरचे सहा संघ २७ ला मंचावर. दहावी-बारावीची मुलं बोर्डाच्या परीक्षेत अडकलेली असतील, तेव्हा भर आठवी-नववी, अकरावी, कॉलेज, अभ्यासिका आणि घरची मोठी माणसं यांच्यावर. आजोबा-नातू अशा जोड्या आल्या तर मला सगळ्यात आनंद होईल.

एक निर्णय आजच घेतला : पर्याय द्यायचे नाहीत. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाल्यापासून प्रश्नाखाली चार पर्याय असणारच, असं लोक धरून चालतात. पर्याय दिले की विचार करणाऱ्याला आणि अंदाज मारणाऱ्याला सारखेच गुण मिळतात. पर्यायाऐवजी प्रश्नातच धागा ठेवायचा. ज्याला उत्तर पाठ नाही, पण दोन गोष्टी जोडता येतात, त्याला तिथपर्यंत पोचता आलं पाहिजे.

६ जानेवारी, मंगळवार

पत्रकार दिन. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ सुरू केलं, त्याची आठवण. हा प्रश्न प्रत्येक शालेय स्पर्धेत येतो, म्हणून तो नको. पण त्या निमित्ताने बाईंशी बोलताना एक नियम पक्का झाला. बाळशास्त्रींची जन्मतारीख शोधायला गेलो तर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी मिळाली. ‘दर्पण’ची तारीख मात्र सगळीकडे एकच. तेव्हा ज्या गोष्टीवर जाणकारांतच एकमत नाही तिच्यावर प्रश्न काढायचा नाही, कितीही चटकदार वाटला तरी.

याच नियमाने ‘पहिला’ हा शब्द असलेले प्रश्न बाजूला काढून पुन्हा पाहिले. ‘पहिला भारतीय चित्रपट कोणता?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणतात. तो ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशनमध्ये लागला. पण दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ त्याच्या वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला दाखवला गेला होता. तो नाटकाचं चित्रण होता, म्हणून बरेच अभ्यासक त्याला पहिलेपणाचा मान देत नाहीत. मग प्रश्न विचारायचा तर ‘पूर्ण लांबीचा पहिला भारतीय कथापट’ असं लिहावं लागतं, आणि तसं लिहिलं की प्रश्नात काही उरत नाही. मला उलट बाजू जास्त आवडली : ‘फाळक्यांच्या आधी वर्षभर मुंबईत पडद्यावर आलेल्या, पण नाटकाचं चित्रण म्हणून पहिलेपण न मिळालेल्या मूकपटाचं नाव काय?’ पंढरपूरचा, आईवडिलांची सेवा करणारा भक्त त्याचा नायक आहे, एवढं जोडलं की वारकरी घरातला कोणीही तिथे पोचेल.

११ जानेवारी, रविवार

आजचा अख्खा दिवस एका प्रश्नावर गेला, पण त्यातून पुढच्या सगळ्या प्रश्नांचा साचा सापडला. टप्पे लिहून ठेवतो.

मूळ प्रश्न होता : ‘कोयना जलविद्युत प्रकल्पाची एकूण स्थापित क्षमता किती?’ उत्तर : १,९६० मेगावॉट. अभ्यासिकेतल्या मुलांना हा आकडा तोंडपाठ असतो. ज्याला येत नाही त्याला अर्धा तास दिला तरी येणार नाही. उत्तर ऐकून कोणाच्या चेहऱ्यावर काही हलणार नाही.

दुसरा मसुदा : ‘कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता मेगावॉटमध्ये सांगा. आकडा पाठ नसला तरी चालेल; महाराष्ट्राच्या इतिहासात तोच आकडा एका महत्त्वाच्या वर्षाचा आहे.’ आता १९६० पर्यंत जाता येतं. लेखी फेरीला हा चांगला आहे. ठेवला.

पण कोयनेची खरी गोष्ट आकड्यात नाही. आपण कराडकर कृष्णा-कोयनेचा संगम रोज बघतो. दोघी महाबळेश्वरला उगम पावतात, वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि इथे प्रीतिसंगमावर समोरासमोर भेटतात. पुढे कृष्णा पूर्वेला, आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. धरणात अडवलेल्या कोयनेचं पाणी मात्र बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडतात. कोकणच्या बाजूला पोफळीत वीज तयार होते आणि ते पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. त्यावरून तिसरा मसुदा :

‘महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या एका नदीचं पाणी स्वाभाविकपणे बंगालच्या उपसागराला मिळतं. त्यातलं बरंचसं पाणी आज चिपळूणवरून अरबी समुद्राला जातं. समुद्र बदलण्यापूर्वी हे पाणी कोणतं काम करून जातं?’

सरांनी पेन्सिल घेतली. आधी मी ‘वळवलं जातं’ असं लिहिलं होतं. ते काढायला लावलं, कारण त्यात बोगदा दिसतो. ‘नदीचं नाव सांगा’ असं विचारलं असतं तर कराडात सगळ्यांनीच कोयना म्हटलं असतं, म्हणून काम विचारलं. ‘बरंचसं’ हा शब्द सरांचा. सगळं पाणी पश्चिमेला जात नाही, नाहीतर संगमावर कोयना दिसलीच नसती, हे त्यांनी संगमाकडे बोट दाखवूनच सांगितलं. हा प्रश्न अंतिम फेरीला.

१५ जानेवारी, गुरुवार

आज खाशाबा जाधवांची जन्मशताब्दी. १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर, आपल्या गावाला लागूनच. राज्यात हा दिवस क्रीडा दिन म्हणून पाळतात. सकाळी गोळेश्वरला जाऊन आलो.

बाहेर इतरत्र ‘१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक कोणी मिळवलं?’ हा प्रश्न चालेल. कराडात तो विचारणं म्हणजे पोरांना त्यांच्या घराचा पत्ता विचारणं. पण शताब्दीच्या वर्षी खाशाबांवर प्रश्न नसणं मला चालणार नाही. दोन प्रश्न केले.

एक : ‘स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं, त्यानंतर दुसऱ्यासाठी ४४ वर्षं थांबावं लागलं. दुसरं पदक कोणाचं, कोणत्या खेळात?’ १९५२ मध्ये ४४ मिळवले की १९९६, अटलांटा, लिअँडर पेस, टेनिस. वर्ष दिलेलं नाही. खाशाबांचं वर्ष ज्याला माहीत आहे त्यालाच बेरीज करता येते. ‘स्वतंत्र’ हा शब्द इथे अलंकार म्हणून नाही. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदकं मिळवली होती आणि ती भारताच्या नावावर मोजली जातात. तो शब्द गळला तर पूर्ण प्रश्न कोसळतो. पुतण्याला सांगितलंय, स्लाइडवर तो ठळक अक्षरात हवा.

दोन : ‘कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, ते एका माजी विद्यार्थ्याला परदेशी पाठवायला. तो विद्यार्थी कोणत्या शहरात गेला आणि काय घेऊन आला?’ हा मी स्वतः वाचणार. खर्डेकर सरांचं नाव उत्तरात सांगायचं.

१८ जानेवारी, रविवार

संदर्भाचं काम. बाईंनी वाचनालयातले विश्वकोशाचे खंड टेबलावर मांडले. मराठी विश्वकोश आपल्याच जिल्ह्यात, वाईला घडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. आता तो ऑनलाइन फुकट वाचता येतो, तरी खंड उघडला की शेजारची नोंद डोळ्यांत भरते आणि तिथून नवा प्रश्न मिळतो. हे पडद्यावर होत नाही. सोबत महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश, जिल्हा गॅझेटियर आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकं. शेवटचं नाव वाचून कोणी हसू नये. चौथी ते दहावीची इतिहास-भूगोलाची पुस्तकं एका बैठकीत वाचली तर निम्मा अभ्यास तिथेच होतो.

पद्धत अशी : प्रत्येक प्रश्नाला दोन स्वतंत्र संदर्भ. एकमेकांवरून उतरवलेली दहा संकेतस्थळं म्हणजे एकच संदर्भ. वहीत उजव्या पानावर प्रश्न, डाव्या पानावर संदर्भ आणि ‘हेही उत्तर धरावं’ अशी यादी. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही जुनी नावं कोणी लिहिली तर गुण द्यायचे, हे त्या यादीत आधीच लिहून टाकलं. मंचावर उभं राहून ठरवण्याच्या या गोष्टी नव्हेत.

बाईंना ‘मराठीतला पहिला शिलालेख’ हवा होता. श्रवणबेळगोळ, अक्षी, कुडल : तिन्हींचे पाठीराखे आहेत आणि अक्षीच्या लेखाच्या सालावरून वाद आहे. पण सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडलच्या लेखातलं एक वाक्य बाईंनीच वाचून दाखवलं. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. अर्थ असा की जो हे वाचील तो विजयी होईल. पहिला कोण हे राहू दे. हजार वर्षांपूर्वीचं हे मराठी वाक्य वाचनालयाच्या कार्यक्रमात आलंच पाहिजे. प्रश्न : ‘भीमा-सीनेच्या संगमावरच्या शके ९४० च्या मराठी शिलालेखात विजयाचं आश्वासन दिलंय, पण लढणाऱ्याला नव्हे. मग कोणाला?’ बाई खूश.

२५ जानेवारी, रविवार

अभ्यासवर्ग सुरू. आठवी-नववीची मुलं, काही अकरावीची, आणि अभ्यासिकेतले तिघे-चौघे ‘बघायला’ म्हणून आलेले. स्पर्धेचे प्रश्न अर्थातच इथे आणायचे नाहीत. फक्त अभ्यास कसा करायचा ते.

अभ्यासिकेतल्या मुलांचा साठा थक्क करणारा आहे. जिल्हे, कलमं, आयोग, तारखा, सगळं एका ओळीत. अडचण अशी की ती ओळ जशी पाठ केली त्याच टोकाकडून सुटते. ‘केसरीचे पहिले संपादक?’ विचारलं की ‘आगरकर’ लगेच येतं. ‘१८८७ पर्यंत टिळकांच्या आधी कोण संपादक होतं, आणि त्यांनी पुढच्याच वर्षी कोणतं पत्र काढलं?’ म्हटलं की थांबतात. म्हणून आज प्रत्येकाला एकेक नाव दिलं आणि त्याला तीन बाजूंनी बांधायला सांगितलं : माणूस, गाव, साल. आगरकर, टेंभू, १८५६. टेंभू म्हणताच एक मुलगी म्हणाली, “सर, आमच्या मामाच्या रानात टेंभूचं पाणी येतं.” टेंभू उपसा सिंचन योजना! तिथल्या तिथे एक प्रश्न तयार झाला, पण तो वर्गात झाला म्हणून स्पर्धेला चालणार नाही. बाजूला ठेवला.

पाठांतरासाठी बुटांच्या खोक्याचे पाच कप्पे केले. ही सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाची युक्ती. कार्डावर एका बाजूला धागा, मागे उत्तर. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्या. पहिला कप्पा रोज, पुढचे जास्त जास्त दिवसांनी. माणूस पाठ केलेलं किती झपाट्याने विसरतो हे एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. विसरण्याच्या बेतात असताना पुन्हा आठवायला लावलं की गोष्ट पक्की बसते, हे मुलांना लगेच पटतं, कारण परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अनुभव सगळ्यांनाच आहे. फक्त कार्ड स्वतःच्या हाताने लिहायचं. विकतची गाइडं नकोत.

आणि नकाशा. कोरा महाराष्ट्र घेऊन नद्या काढायच्या. पंढरपूरला चंद्रभागा लिहिणाऱ्या मुलाने भीमा वेगळी काढली होती. सरांनी खडू घेऊन भीमाशंकरपासून रेघ ओढत आणली आणि पंढरपूरला थांबून म्हणाले, “इथे वाकून बघ, अर्धचंद्र दिसतो का?” तो मुलगा आता ही गोष्ट जन्मभर विसरणार नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

श्राव्य फेरी. चित्रपटगीतं ओळखा, हे सगळे करतात. आम्ही वाद्यं घेतली. पौषातल्या पालीच्या खंडोबाच्या यात्रेत ध्वनिमुद्रण करून ठेवलं होतं, बाकी ओळखीच्या गोंधळी आणि जोगती मंडळींकडून त्यांच्या परवानगीने घेतलं. दिमडी, संबळ, चौंडकं. प्रश्न असा की आवाज ऐकून वाद्य नव्हे, ते कोणत्या देवाच्या दारी वाजतं ते सांगा. खंडोबा, भवानी, यल्लम्मा. शहरी मुलांना दोन तरी येतील का, शंका आहे. पण ही फेरी काढायची नाही, एवढं नक्की.

८ फेब्रुवारी, रविवार

चाचणी. स्पर्धेत भाग न घेणाऱ्या काही शिक्षकांना आणि वाचनालयाच्या जुन्या सभासदांना बसवून लेखी फेरी घेतली. जो कोणालाच आला नाही तो काढायचा, जो सगळ्यांना आला तो सुरुवातीला न्यायचा. पहिले चार-पाच प्रश्न सोपे नसतील तर नवखा संघ पेन खाली ठेवतो.

जिल्ह्यांच्या प्रश्नावर छान घमासान झालं. प्रश्न : ‘१९६० मध्ये महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. राज्याच्या सहा महसूल विभागांपैकी कोणत्या विभागात या काळात एकही नवा जिल्हा निर्माण झाला नाही?’ दहाही जिल्हे आठवत गेलं की विभाग एकेक करून गळतात. सिंधुदुर्ग, मुंबई उपनगर, पालघर कोकणात, जालना, लातूर, हिंगोली मराठवाड्यात, गडचिरोली आणि गोंदिया नागपूर विभागात, वाशिम अमरावतीत, नंदुरबार नाशिकमध्ये. राहतो आपला पुणे विभाग. एका निवृत्त तलाठी काकांनी हात वर केला : “सांगली?” दक्षिण सातारा जिल्ह्याचं नाव सांगली झालं ते नोव्हेंबर १९६० मध्ये, म्हणजे राज्य स्थापन झाल्यावर. सर तयारच होते. जिल्हा १९४९ चा, बदललं ते फक्त नाव. काकांची हरकत एवढी रास्त होती की प्रश्नात ‘निर्माण झाला’ खाली रेघ ओढली आणि डाव्या पानावर सांगलीची पूर्ण नोंद केली. या प्रश्नावर मी बेहद्द खूश आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसलेला कोणीही तो सोडवू शकतो, आणि त्यासाठी एकही अवघड गोष्ट माहीत असावी लागत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुतण्याशी फोनवर तासभर. त्याला ‘पाउन्स’ हवं, सरांना नको.

जुन्या पद्धतीत प्रश्न एका संघाचा असतो, नाही आला तर पुढच्याला ‘पास’. त्यात नशिबाचा भाग फार. सोपा प्रश्न कोणाच्या वाट्याला येईल सांगता येत नाही. कॉलेजच्या क्विझमध्ये आता प्रश्न सगळ्यांचाच असतो. ज्या संघाने उत्तर दिलं त्याच्या पुढच्या संघापासून पुढचा प्रश्न सुरू होतो, आणि निम्म्या प्रश्नांनंतर दिशा उलटी. पाउन्स म्हणजे आपली पाळी येण्याआधीच चिठ्ठीवर उत्तर लिहून देणं : बरोबर तर १० गुण, चूक तर ५ वजा. सरांचा आक्षेप वजा गुणांना होता. “पोरं आधीच मंचावर घाबरतात.” खरं आहे. पण पाउन्स नसेल तर शेवटच्या टोकाला बसलेल्या संघाला पक्कं येणारं उत्तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकत बसावं लागतं. शेवटी पाउन्स ठेवलं, वजा गुण फक्त दुसऱ्या अर्ध्यात. दोघांनीही मान्य केलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

लेखी फेरी. खुर्च्या कमी पडल्या, शेजारच्या मंगल कार्यालयातून आणाव्या लागल्या. अभ्यासिका अर्धी रिकामी झाली आणि ती सगळी इकडे आली. आजोबा-नातवंडं अशा जोड्याही आल्या.

प्रश्न मी मोठ्याने वाचले आणि पडद्यावरही दाखवले. आकडे अंकांतच ठेवले होते ते फार बरं झालं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांच्यात अडकायला होतं. त्यांचं अडखळणं भाषेपुरतं असतं, ज्ञानाशी त्याचा संबंध नसतो. उत्तर कोणत्याही लिपीत चालेल हेही जाहीर केलं.

समान गुण झाले तर निकाल लावायला पाच प्रश्नांवर तारा होता. सहाव्या जागेसाठी तीन संघ अडकले, ताऱ्यांनी सोडवलं. पुणे विभागाचं उत्तर चांगल्या संख्येने आलं. कागदाच्या समासात खोडत आणलेले जिल्हे दिसत होते. ‘पुंडलिक’ अनेकांना आला. कोयनेच्या १९६० वर काही जणांनी १८५७ लिहिलं. धागा पकडला, वर्ष निसटलं.

उत्तरं आम्ही तिथेच, कागद गोळा केल्या केल्या, गोष्टीसकट सांगितली. क्विझवाले याला फंडा म्हणतात. निकाल लागेपर्यंत लोक थांबतात ते यासाठीच.

२५ फेब्रुवारी, बुधवार

रंगीत तालीम. स्वतःसाठी सूचना : प्रश्न दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा सावकाश. चुकीच्या उत्तरावर चेहरा बदलायचा नाही; ‘नाही, पुढे’ एवढंच. चुकीच्या उत्तरातली बरोबर दिशा नंतर आवर्जून सांगायची. प्रेक्षकांतून कोणी उत्तर ओरडलं तर प्रश्न रद्द, राखीव प्रश्न काढायचा; राखीव दहा आहेत.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्र झाली आहे, पण आजच लिहितो.

मंचावर सहा संघ : अभ्यासिकेतले दोन, कॉलेजचा एक, शिक्षक दांपत्य, नववीतल्या दोघी मैत्रिणी आणि एक आजोबा-नात.

गडांच्या प्रश्नाने हवा तापली. ‘२०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. बाराव्यात एक छत्रपती कित्येक वर्षं मुघलांच्या वेढ्याला तोंड देत राहिले. किल्ला कोणता?’ अभ्यासिकेतल्या एका संघाने लगेच पाउन्स केलं. नववीतल्या मुलींना यादी माहीत नव्हती. त्या आपसात कुजबुजत होत्या ते मला ऐकू येत होतं : महाराष्ट्राबाहेर, छत्रपती, वेढा... संभाजी महाराज नाहीत, मग राजाराम महाराज, रायगडाहून ते गेले कुठे? “जिंजी!” टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. पाठोपाठचा प्रश्न त्याच विषयाला जोडून होता : याच यादीत चार जलदुर्ग आहेत, पण कोकणातला एक अतिशय प्रसिद्ध जलदुर्ग नाही; का? जंजिरा मराठ्यांना कधीच जिंकता आला नाही, हे शिक्षक दांपत्याने सांगितलं.

मग कोयना. पहिला संघ म्हणाला सिंचन. दुसरा म्हणाला पिण्याचं पाणी. कॉलेजची मुलं गप्प. आजोबांनी माइक हातात घेतला आणि घाईने बोलले नाहीत. “चिपळूणला पूर येतो तेव्हा पेपरात कोयनेच्या अवजलाची बातमी असते. अवजल म्हणजे वापरून झालेलं पाणी. वापरलं कशाला? वीज करायला.” नातीने त्यांच्याकडे बघितलं ती नजर मी विसरणार नाही. हा प्रश्न ११ जानेवारीला सरांच्या पेन्सिलीखाली तयार होत होता तेव्हा त्याची उकल अशी होईल हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नव्हतं.

तंजावरचा प्रश्न (बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजी राजांनी कोणाचा इतिहास मराठीत कोरून घेतला?) कोणालाच आला नाही. चोळांच्या मंदिरावर भोसल्यांचा इतिहास, हे उत्तर ऐकून सभागृह क्षणभर अवाक झालं, मग एकदम बोलायला लागलं. असा एखादा प्रश्न हवाच. चौंडकं फक्त आजोबांना ओळखता आलं. शिलालेखाचा प्रश्न बाईंनी वाचला. ‘वाचणाऱ्याला’ हे उत्तर तीन संघांनी पाउन्सवर दिलं.

अभ्यासिकेतला एक संघ पहिला, नववीतल्या मुली पाच गुणांनी दुसऱ्या. बक्षिसं पुस्तकांची, आणि पहिल्या तिन्ही संघांना वर्षभराची वर्गणी माफ.

१ मार्च, रविवार

हरकती नोंदवायला कालपर्यंतची मुदत होती. एकच आली, खर्डेकर सरांच्या प्रश्नावर : ‘काय घेऊन आला’ याला ‘कांस्यपदक’ऐवजी ‘इतिहास’ लिहिणाऱ्या संघाला गुण का नाहीत? प्रश्न वाचून सरांनी मान डोलावली, पण गुण नाहीत. वहीत नोंद : पुढच्या वेळी ‘कोणतं पदक’ असंच विचारायचं.

सगळे प्रश्न, उत्तरं आणि संदर्भ वाचनालयाच्या फलकावर लावले. लोक उभे राहून वाचतायत. वापरलेले प्रश्न पुन्हा वापरायचे नाहीत. त्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानांवर. टेंभूचा प्रश्न आणि वेळ संपल्याने राहिलेले सहा प्रश्न पुढच्यासाठी शिल्लक.

अभ्यासवर्ग दर रविवारी सकाळी दहाला चालूच राहणार. नववीतल्या मुलींनी खोक्याला सहावा कप्पा केलाय, वरच्या बाजूला लिहिलंय ‘स्वतः काढलेले प्रश्न’. त्यातले तीन वाचले. एकात ‘पहिला’ शब्द होता, त्यावर गोल करून मार्जिनमध्ये विचारलंय : कोणाच्या मते? आता १ मेच्या फेरीची लेखी प्रश्नपत्रिका त्या दोघींनी काढायची, सरांनी तपासायची. बाईंनी त्यांना विश्वकोशाचे खंड घरी न्यायची परवानगी दिली आहे, एका वेळी एक.